वारीत रेनकोट घालूनही आतून भिजताय? आधी घाम की गळती ते शोधा

दरवर्षी ज्येष्ठ लागला की हाच प्रश्न येतो. आमच्या दिंडीत पहिल्यांदा येणारे, त्यांच्या घरचे, ओळखीतले, सगळे विचारतात की मागच्या वर्षी चांगला रेनकोट घेतला होता तरी सासवडला पोचेपर्यंत बनियनपर्यंत ओला झालो, आता यावेळी कुठला घेऊ? आणि बहुतेक जण अजून महागाचा घेतात आणि पुन्हा तसेच ओले होतात. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय, मी माऊलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर चालतो, त्यामुळे सगळं त्या वाटेच्या हिशोबाने आहे, देहूहून तुकोबांच्या पालखीसोबत जाणाऱ्यांना वाट वेगळी असली तरी बरंचसं हेच लागू पडेल.

माझी स्वतःची पहिली वारी सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. पुण्याच्या एका दुकानातून त्यावेळी मला न परवडणारं जॅकेट घेतलं, दुकानदार म्हणाला हे ट्रेकिंगवाले वापरतात, पाणी आत येत नाही आणि घाम बाहेर जातो. पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वेळा त्या दिवशी एकादशी असते म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. हडपसर सोडलं आणि भुरभुर चालू झाली, मी जॅकेट चढवलं आणि घाट संपेपर्यंत काढलंच नाही. वर पोचलो तेव्हा आतला शर्ट पिळून काढावा असा झालेला, आणि घाटमाथ्यावर जो वारा असतो तो लागल्याबरोबर दात वाजायला लागले. रात्री राहुटीत बसून मी त्या दुकानदारावर चिडत होतो आणि शेजारी माझी आत्या, जिने अख्खा घाट प्लास्टिकच्या कागदाची खोळ करून डोक्यावरून घेऊन चढला, ती कोरड्या लुगड्यात बसून मला हळदीचं दूध देत होती. जॅकेट फाटकं नव्हतं, गळत पण नव्हतं. ते मला नंतर घरी तपासल्यावर कळलं.

तर पहिलं काम हे, की पाणी बाहेरून येतंय की तुमचाच घाम आहे ते ठरवा. घरी दोन वेळा तपासायचं. एकदा पाऊस नसताना रेनकोट घालून पंधरा-वीस मिनिटं जिने चढउतार करा, काढल्यावर आतून दमट किंवा ओला असेल तर तो घामच, दुसरं येणार कुठून. मग कोट पूर्ण वाळवून, आत खांद्याला, पाठीला, बगलेखाली वर्तमानपत्राचे तुकडे लावून शॉवरखाली दहा मिनिटं न हलता उभं राहायचं. कागद कोरडे राहिले तर कोट चांगला आहे, नवीन घेऊ नका. कागद ओले झाले तर कुठले झाले ते बघा म्हणजे गळती कुठे आहे ते कळतं. माझ्याकडे ज्यांनी ज्यांनी हे करून बघितलं त्यातल्या बऱ्याच जणांचा कोट व्यवस्थितच निघाला, घामानेच भिजत होते.

घाम असेल तर काय? इथे त्या श्वास घेणाऱ्या कापडाचं समजून घेणं गरजेचं आहे कारण पैसे तिथेच जातात. गोअरटेक्स किंवा तसलं जे कापड असतं त्यातून वाफ बाहेर जाते हे खरं आहे, पण ती कधी जाते, जेव्हा आतल्या हवेत वाफ जास्त आणि बाहेर कमी असते तेव्हा. हिमालयात बाहेर थंड आणि कोरडी हवा असते, तिथे काम करतं. आपल्याकडे आषाढात पाऊस चालू असताना बाहेरचीच हवा उबदार आणि दमट, जवळजवळ आतल्यासारखीच, मग वाफ जाणार कुठे? शिवाय वरचं कापड एकदा पाणी प्यायलं की तेवढाही रस्ता बंद होतो. म्हणजे कापड खोटं नाही, आपली हवा त्याच्यासाठी नाही, आणि घाट चढताना ज्या वेगाने घाम येतो तेवढा कुठलंच कापड बाहेर टाकू शकत नाही. वारीसाठी म्हणून महागडं जॅकेट घेऊ नका हे मी अगदी कळकळीने सांगतो, त्या पैशात चांगल्या चपला, दोन जोड मोजे आणि बाकीचं सगळं सामान येतं.

घामावर उपाय एकच, खालून-बाजूने हवा खेळली पाहिजे. म्हणून अंगासरशी बसणारा कोट-पँट सेट (मोटरसायकलवाला) वारीत सगळ्यात वाईट, तो बसलेल्या माणसासाठी असतो, चालणाऱ्यासाठी नाही. पोंचो (डोक्यातून घालायचा, बाजूने उघडा सैल रेनकोट) चांगला, किंवा साधा प्लास्टिकचा कागद. बाजूने उघडं असल्यामुळे हवा जाते, पाठीवरची पिशवी पण आत झाकली जाते, आणि पाऊस थांबला की एका झटक्यात निघतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे आणि दुकानात कुणी विचारत नाही.

कारण आपल्या वाटेवरचा पाऊस कसा असतो ते बघा. आळंदी, पुणे, दिवे घाट इथे चांगला लागू शकतो. पण सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडली की पुढे लोणंद, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस हा सगळा पर्जन्यछायेतला दुष्काळी पट्टा, तिथे वर्षभराचाच पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दिवसभर धो धो असं फार कमी वेळा, एक सर येते, वीस मिनिटांत जाते, लगेच ऊन पडतं, वारा मात्र दिवसभर. दिवसातून सात-आठ वेळा घालायचं आणि काढायचं. जो कोट घालायला थांबावं लागतं, बूट काढून पँट चढवावी लागते, तो तुम्ही एक तर घालणारच नाही किंवा काढणारच नाही, आणि दोन्हीत भिजणार. माझी कसोटी अशी की दिंडीतली रांग न मोडता, टाळ गळ्यात असताना, चालता चालता घालता आणि काढता आला पाहिजे. घरी गळ्यात काहीतरी अडकवून चालत करून बघा, जमलं तर तो कोट वारीचा.

आणि भुरभुरीत घालूच नका. हे नवीन लोकांना पटत नाही. बारीक पावसात चालताना शर्ट जेवढा ओला होतो तेवढा अंगाच्या गरमीने आणि वाऱ्याने वाळतो पण. कोट घालायची खरी वेळ म्हणजे जोराची सर, किंवा ओले असताना वाऱ्यात थांबावं लागलं तर. विसाव्याला, रिंगणाला उभे असताना, घाटमाथ्यावर. चालताना काढा, थांबल्यावर घाला, बरोबर उलटं करतात लोक. थंडी भिजल्याने वाजत नाही, भिजून वाऱ्यात थांबल्याने वाजते.

वर्ष कुठलं आहे ते पण बघून ठरवा. तिथीप्रमाणे वारी इंग्रजी महिन्यात पुढेमागे सरकते. २०२३ ला माऊलींचं प्रस्थान ११ जूनला होतं, पाऊस लांबला होता, उन्हाने लोक हैराण झाले आणि रेनकोट पिशवीत पडून. २०२४ ला प्रस्थान २९ जूनला, २०२५ ला १९ जूनला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे म्हणून आषाढी एकादशी थेट २५ जुलैला, म्हणजे चालणं भर पावसाळ्यात. वारी लवकर असेल तर टोपी, उपरणं आणि पाण्याची बाटली याकडे जास्त लक्ष द्या, प्लास्टिकचा कागद सोबत असला म्हणजे झालं. उशिरा असेल तर पोंचो नीट बघून घ्या.

छत्रीचं काय, हे बायका जास्त विचारतात. दिंडीच्या मागेपुढे मोकळं चालणार असाल तर छत्री छान, उन्हातही कामाला येते, आतून हवा अडत नाही. पण दिंडीत रांगेत चालताना तिच्या काड्या शेजारच्याच्या डोळ्यापाशी जातात, तिचं पाणी बरोबर बाजूच्याच्या खांद्यावर गळतं, टाळ वाजवता येत नाही, आणि दिवे घाटात उलटी होते ती वेगळीच. वीज कडाडत असेल तर उघड्या माळावर छत्री मिटवा आणि झाडाखाली जाऊ नका, एवढं लक्षात ठेवा. डोक्यावर तुळस घेणाऱ्या माऊलींना तर छत्री नाही आणि पोंचोची टोपी पण नाही, त्यांना खांद्यावरून पांघरायचा कागद आणि गळ्यापाशी एक मोठी सेफ्टी पिन हेच जमतं. कागद पिनेने थेट टोचू नका, फाटत जातो, आधी तिथे चिकटपट्टीचा तुकडा दोन्ही बाजूंनी लावा.

लुगडं किंवा साडी नेसून चालणाऱ्यांसाठी लांब कोट नको. गुडघ्याखाली लांब असला की पायात अडकतो, त्याच्या खालच्या काठावरून सगळं पाणी साडीच्या घोळात जातं आणि ओला घोळ जड होऊन पोटऱ्यांना काचतो. गुडघ्यापर्यंतचा पोंचो, साडी वर खोचलेली, सुती ऐवजी पटकन वाळणारी, आतून मांड्या झाकणारी पातळ लेगिंग. पुरुषांनाही तेच, खालची रेनपँट घेऊच नका, गुडघ्याखाली भिजू द्या, कातडी पुसली की वाळते, पँट वाळत नाही. जीन्स घालून येणारी तरुण पोरं दरवर्षी दिसतात, जेजुरीपर्यंत मांड्या सोलवटलेल्या असतात आणि फेंगडी चालत असतात, बघवत नाही. ओल्या कपड्याने मांड्या किंवा बगला घासत असतील तर सकाळी निघायच्या आधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चोळा, घासून लाल झाल्यावर नाही, आधी.

आता ज्यांचा कोट खरंच गळतोय त्यांच्यासाठी. खांद्यावर गळत असेल तर बहुतेक वेळा कारण पिशवीचा पट्टा, तो दाबतो आणि घासतो, तिथलं कोटिंग निघतं. कोट पिशवीच्या वरून घ्या, मिटलं. शिलाईतून येत असेल तर आतून बघा, प्रत्येक शिलाईवर पट्टी चिकटवलेली हवी, ती सुटलेली असते किंवा मुळात नसतेच. शिलाई बंद करायचा सोल्युशनचा ट्यूब मिळतो, कोरड्या कोटावर लावून रात्रभर ठेवायचा, चांगला टिकतो. चेनमधून येत असेल तर वरची झाकणपट्टी नीट बसवा. पण आतलं अस्तर चिकट झालंय, पापुद्रे निघतायत, कुबट वास येतोय, असं असेल तर त्याला काही उपाय नाही, कोटिंग गेलं. मागच्या वर्षी ओला घडी घालून माळ्यावर टाकला त्याचं हे फळ असतं, म्हणून वारीहून आल्यावर सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवून, घडी न घालता टांगून ठेवायचा. आणि हे तपासायचं मे महिन्यात, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी नाही.

नवीन घेतच असाल तर बऱ्याच कोटांच्या लेबलवर कापड किती पाण्याचा दाब सोसतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, तीन हजारांच्या पुढे असलं की आपल्या वाटेला पुरे, दहा हजाराच्या मागे धावायची गरज नाही. त्यापेक्षा शिलाईवर पट्टी आहे का आणि टोपीला पुढे कडक चोच आहे का ते बघा. चोच नसेल तर चष्मेवाल्यांनी आत साधी क्रिकेटची टोपी घाला. टोपी फार खोल नको, बाजूचं दिसत नाही आणि मागून पाण्याचे टँकर, सामानाचे ट्रक येत असतात, शिवाय कान झाकले की अभंगाचा ठेका ऐकू येत नाही आणि पाऊल चुकतं. पोंचो वाऱ्याने उडून तोंडावर येतो ही तक्रार पण नेहमीची, त्यावर कमरेला वरून एक नाडी किंवा सुतळी सैल बांधा. बस.

प्लास्टिकचा कागद घेणार असाल तर जरा जाड घ्या, पातळ घेतलात तर दुसऱ्या दिवशी चिंध्या होतात आणि त्या चिंध्या मुक्कामाच्या शेतात राहतात, ते ज्याचं शेत आहे त्याला नंतर निस्तरावं लागतं. दोन मीटर बाय दीड मीटर पुरतो. एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून खोळ करायची, शेतात पोत्याची करतात तशी, कुणाही जुन्या वारकऱ्याला विचारा, दोन मिनिटांत शिकवतील. तोच कागद विसाव्याला बसायला, रात्री अंथरुणाखाली, आणि आमच्या दिंडीत तर सर आली की आधी मृदंगावर पडतो मग माणसांवर, कारण मृदंगाचं चामड्याचं पान ओलं झालं की तो बोलत नाही आणि मृदंग नसला की चाल मोडते. घोंगडीचं पण सांगतो, पूर्वी तीच असायची आणि लोकर ओली झाली तरी ऊब देते हे अगदी खरं आहे, पण भिजल्यावर वजन फार होतं, आता मी ती दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये रात्रीसाठी ठेवतो.

सगळ्यात जास्त माणसं वारी अर्धी सोडून घरी परततात ती पावसामुळे नाही तर पायाच्या त्रासामुळे, म्हणून हे लांब लिहितोय. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. पाणी वरून मोज्यातून आत जातं आणि मग बाहेर यायला जागाच नसते, दिवसभर पाय पाण्यात, संध्याकाळी तळवे पांढरे फटक आणि सुरकुतलेले, दुसऱ्या दिवशी फोड. गमबूट तर नकोच. जाळीचे हलके बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल, जे भिजतात पण वाळतात, आणि किमान एक महिना आधीपासून त्यातच चालायची सवय. साध्या स्लिपरने चिखल उडून स्वतःच्या पाठीपर्यंत जातो आणि मागच्याच्या तोंडावर पण. सँडलमध्ये पट्ट्याखाली वाळू अडकते ती ओल्या कातडीला सँडपेपरसारखी घासते, म्हणून नळ दिसला की पाय आणि सँडल दोन्ही धुवायचे.

बोटांच्या बेचक्यात खाज, पांढरी कातडी, भेगा, म्हणजे चिखल्या सुरू झाल्या. फार जणांना होतात आणि लाजेपायी सांगत नाहीत. प्रत्येक विसाव्याला पायातलं काढून दहा मिनिटं पाय उघडे ठेवा, बेचक्या कोरड्या फडक्याने पुसा, संध्याकाळी साबणाने धुऊन बुरशीवरची पावडर किंवा मलम, आणि रात्री पायात काहीच घालू नका. मोजे घालत असाल तर सुती नको, सुती मोजा पाणी धरून ठेवतो. पाय ओले राहणारच असतील त्या दिवशी सकाळी तळव्याला जेली चोळून मग मोजे घाला, कातडी पाणी कमी पिते. साखरेचा आजार असणाऱ्यांनी रोज रात्री कुणाकडून तरी बॅटरीच्या उजेडात तळवे बघून घ्या, त्यांना बऱ्याचदा जखम झालेली कळत नाही, आणि जखम असताना साचलेल्या गढूळ पाण्यातून जायची वेळ आली तर त्याच दिवशी वाटेवरच्या आरोग्य पथकाला पाय दाखवा.

पिशवीचं थोडक्यात. वरून घालायचं कव्हर पाठीकडून उघडं असतं, पाणी पाठीवरून ओघळून आत जातं, त्यामुळे कव्हरवर भरवसा नको. आतून एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून दुमडून बांधलेली, सगळं सामान तिच्यात. मोबाईल, आधार कार्ड, औषधं, पैसे वेगळ्या झिपच्या पाऊचमध्ये.

आणि एक कोरडा जोड. मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि पावसात ट्रक कधी कधी रात्री उशिरा पोचतो किंवा चिखलात अडकतो, तोपर्यंत ओल्या कपड्यात बसून ताप भरतो. म्हणून खांद्यावरच्या पिशवीतच एक लुंगी, एक बनियन, एक पातळ स्वेटर, बायकांनी एक गाऊन, हे दुहेरी पिशवीत बांधून. हा जोड दिवसा कधीही, काहीही झालं तरी घालायचा नाही, फक्त मुक्कामाला. सकाळी निघताना पुन्हा कालचे ओलसर कपडे अंगावर चढवायचे, पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो, चालायला लागलं की वाळतात. नवीन लोक इथेच चुकतात, सकाळी कोरडे घालतात, दुपारी ते पण ओले आणि मग रात्री दोन्ही जोड ओले.

राहुटीत खालून पाणी येतं त्याचं कारण बऱ्याचदा आपलाच कागद असतो. अंथरायचा कागद राहुटीच्या बाहेर डोकावत असेल तर वरून ओघळणारं पाणी त्याच्यावर पडून सरळ तुमच्या पाठीखाली येतं. कडा आत दुमडा, चारही बाजूंनी चार बोटं वर उभ्या करा. उताराची बाजू बघून वरच्या अंगाला छोटा चर काढा आणि सकाळी निघताना बुजवा. दोरी सोबत ठेवाच, दोन बांबूंमध्ये बांधली की रात्रभरात बनियन, मोजे, कागद निम्मे तरी वाळतात, पिशवीत गोळा करून ठेवले तर सकाळपर्यंत वास मारायला लागतात.

यावर्षी कुणाचा कोट शॉवरखाली तपासून गळताना सापडला तर नेमका कुठून गळतोय ते कळवा, शिलाई, खांदा की चेन, म्हणजे दुरुस्त होण्यासारखा आहे की टाकायचा ते सांगता येईल. आणि आत्याचा निरोप आहे की कागद आळंदीत प्रस्थानाच्या गर्दीत घेऊ नका, घरूनच कापून आणा, कडांना दोन बोटं दुमडून चिकटपट्टी मारा, तिचा तसा केलेला एकच कागद तीन वाऱ्या चालला.